जात्याची टाकी आणि दाताची कॅप

खोडदच्या माळावर उभ्या असलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या जवळून पाहणाऱ्याची पहिल्यांदा थोडी निराशाच होते. एवढं नाव ऐकलेलं, आणि समोर नुसती जाळी! २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, शाळेच्या पोरांच्या रांगा लागतात तेव्हा कुणीतरी हमखास विचारतंच, "सर, ह्याला तर भोकं आहेत." सर सांगतात ते असं : तबकडी ४५ मीटर व्यासाची, जाळीची तार अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड, मधल्या भागात भोकं १० मिलिमीटरची आणि कडेला २० मिलिमीटरची. आकाशातून येणाऱ्या ज्या रेडिओ लहरी पकडायच्या त्या २१ सेंटिमीटर किंवा त्याहून लांब. त्यांच्या लेखी ही जाळी म्हणजे सलग पत्राच. वारा मात्र आरपार निघून जातो, त्यामुळे सांगाडा हलका ठेवता आला, खर्च आटोक्यात राहिला आणि एक-दोन नव्हे, ३० अँटेना उभ्या राहिल्या. ही दुर्बीण उभारणाऱ्या गोविंद स्वरूप यांची ही युक्ती. पृष्ठभाग किती गुळगुळीत हवा हे त्या पृष्ठभागाला काय काम करायचं आहे त्यावर ठरतं, हे त्यांनी लोखंड आणि तारेत मांडून ठेवलं आहे.

मी हे ऐकत होतो तेव्हा माझी जीभ डाव्या दाढेशी खेळत होती. आदल्याच आठवड्यात बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाताना कॅपचा टवका उडाला होता. कॅप झिरकोनियाची, चांगली दहा वर्षांच्या वॉरंटी कार्डासकट बसवलेली. बसवताना "चावा उंच लागतोय" म्हणालो, तेव्हा निळा कागद चाववून, जिथे ठिपका उमटला तिथे डॉक्टरांनी बर (घासायचं फिरतं टोक) फिरवून घासून दिली. टवका उडाला तो नेमका त्या घासलेल्या जागेच्या कडेवरून. तुकडा नशिबाने गिळला गेला नव्हता. भिंगाखाली धरला तर बाकीचा भाग आरशासारखा आणि तेवढी जागा पिठूळ, समांतर ओरखड्यांनी भरलेली. तिथून सुरू झालेल्या वाचनाचा हा आढावा. प्रश्न साधा आहे : दाताच्या सिरॅमिकचा पृष्ठभाग घासला, चकाकवला, भाजला, आम्लाने खाल्ला किंवा वाळूने झोडपला, तर ते मजबूत होतं की कमजोर? गेल्या पन्नास-साठ वर्षांत यावर इतके निबंध निघाले आहेत की दोन्ही उत्तरांना भरपूर पुरावा सापडतो. माझ्या मते गोंधळ पुराव्यात नाही. तो 'पृष्ठभागावर प्रक्रिया' असं एकच नाव वेगवेगळ्या गोष्टींना दिल्यामुळे झाला आहे.

आधी पदार्थांची ओळख. दातांच्या दवाखान्यात ज्याला सरसकट 'सिरॅमिक' म्हणतात त्यात निदान तीन कुळं आहेत. जुनं पोर्सेलिन, म्हणजे फेल्डस्पार वितळवून केलेली बहुतांश काच. वाकवून तोडण्याच्या चाचणीत ते साधारण ६० ते १०० मेगापास्कलला मोडतं. मग लिथियम डायसिलिकेट, काचेत सुयांसारखे स्फटिक वाढवलेलं, ४०० च्या आसपास. आणि तिसरी झिरकोनिया : काच नावालाही नाही, सगळे बारीक कण एकमेकांना भिडलेले, ९०० ते १२००. (झिरकोनियाचं मूळ खनिज झिरकॉन, केरळच्या चवराच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत ते इल्मेनाइटसोबत सापडतं.) माझी कॅप 'झिरकोनियाची' होती हे खरं, पण फक्त आतून. दिसायला नैसर्गिक वाटावी म्हणून वर पोर्सेलिनचा थर होता, आणि टवका त्या थराचा उडाला. हजार मेगापास्कलच्या भिंतीला ऐंशीचा गिलावा! अशा कॅपांची ही जुनी तक्रार आहे. म्हणून आता मागच्या दाढांना अखंड झिरकोनियाच्या कॅप बसवण्याकडे कल आहे.

काच, चिनीमाती, सिरॅमिक या साऱ्यांचा दोष एकच. दाबलं तर सहन करतात, ताणलं तर फाटतात. लोखंड ताणलं की थोडं लांबतं आणि चिरेच्या टोकाशी साचलेला ताण पांगतो. सिरॅमिकला तशी लवचीकता नाही, चीर सुरू झाली की पळत सुटते. ए. ए. ग्रिफिथ या इंग्लिश इंजिनिअरने १९२१ साली काचेवर केलेल्या कामातून दाखवलं की पदार्थाची प्रत्यक्ष ताकद त्याच्या रेणूंच्या जोडाने ठरत नाही, त्यातल्या सगळ्यात मोठ्या चिरेने ठरते. चीर चौपट लांब झाली की ताकद निम्मी. त्याने ओढलेले काचेचे अतिबारीक धागे जाड दांड्यांपेक्षा कित्येक पटींनी मजबूत निघाले, कारण एवढ्याशा धाग्यात मोठी चीर मावतच नाही. आणि बहुतेक चिरा असतात कुठे? पृष्ठभागावर. म्हणून दाताच्या सिरॅमिकबद्दलची सगळी चर्चा वरच्या काही मायक्रॉनांत घडते. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड, आपण त्याच्या दहाव्या हिश्शाबद्दल बोलतो आहोत.

इथे आमच्या घरातलं जातं आठवतं. पाटं दळून दळून गुळगुळीत झाली की दळण सरत नसे. मग टाकीवाली यायची, दगडावर छिन्नीने टिचक्या मारून खाचा पाडायची. जात्याला टाकी लावणं ही पृष्ठभागावरची प्रक्रियाच, आणि तिच्यात लाभ-तोटा एकत्र. पकड येते, पण काही कण सैल होतात, म्हणून पहिलं दळण कोंड्याचं घालून फेकून द्यायचं. सिरॅमिकच्या कॅपला आतून खरखरीत करतात तेही पकडीसाठीच, आणि सैल कणांचं, म्हणजे चिरांचं, काय करायचं हा प्रश्नही तोच. टाकीवालीने मात्र तो कधीच सोडवला होता.

आता घासणं आणि चकाकी. कॅपची बाहेरची बाजू बरने घासली की हिऱ्याचे कण प्रत्येक फेरीत एक ओरखडा आणि त्याखाली एक चीर सोडतात. जितके कण जाड, तितकी चीर खोल. पोर्सेलिनच्या बाबतीत मग दोन उपाय : पुन्हा भट्टीत घालून वरची काच वितळवून ग्लेझ करणं, किंवा रबराच्या चाकांनी आणि हिऱ्याच्या पेस्टने पॉलिश करणं. पूर्वी समज होता की ग्लेझ म्हणजेच ताकद. कारणही पटण्यासारखं होतं. लोणच्याच्या बरणीचं पाहा. वरचा थर थंड होताना आतल्या मातीपेक्षा थोडा कमी आकसला तर तो कायम दाबाखाली राहतो, आणि दाबाखालचा थर चीर मिटवून धरतो. उलट झालं तर बरणीवर कोळ्याचं जाळं उमटतं. पण दातांच्या पोर्सेलिनवर प्रत्यक्ष चाचण्या झाल्या तेव्हा हे गणित प्रत्येक वेळी जुळलं नाही. फेअरहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये ग्लेझने ताकद वाढते याला आधार सापडत नाही असं मांडलं, तर १९९५ च्या जिओर्डानो यांच्या तुलनेत ग्लेझ, पॉलिश आणि आयनबदल या तिन्हींनी ताकद वाढली. मला या भांडणात पॉलिशची बाजू घ्यावीशी वाटते, आणि ती ताकदीपेक्षा वेगळ्या कारणाने. ग्लेझचा थर काही काळाने झिजतो, खालचा खरखरीत भाग उघडा पडतो, आणि समोरचा स्वतःचा दात झिजायला लागतो. नीट पॉलिश केलेली झिरकोनिया समोरच्या दाताला सगळ्यात कमी घासते हे आता बऱ्याच चाचण्यांत दिसलं आहे. 'झिरकोनिया फार कठीण, समोरचा दात खाते' ही भीती अजून ऐकू येते. तिच्यात खरी दोषी आहे खरखर, कठीणपणा नव्हे.

आयनबदल हा शब्द वर आला, तो ओळखीचा नसला तरी ती गोष्ट तुमच्या खिशात असते. मोबाईलची काच पोटॅशियमच्या वितळलेल्या मिठात बुडवतात. काचेतला छोटा सोडियम बाहेर पडतो, त्याच्या जागी मोठा पोटॅशियम घुसतो, आणि गर्दी झालेला वरचा थर दाबाखाली येतो. हीच युक्ती पोर्सेलिनच्या कॅपवर करून पाहिली, ताकद चांगलीच वाढली, पण तो थर पातळ. तोंडात एकदा बर फिरला की सगळी कमाई गेली. बाजारात ती फारशी टिकली नाही याचं मला नवल वाटत नाही.

आम्लाची गोष्ट वेगळी, कारण ते बाहेर लावायचं नसतं. १९५५ साली मायकेल ब्युनोकोर यांनी दाताच्या एनॅमलवर फॉस्फोरिक आम्ल लावून चिकट पदार्थ पकड धरतो हे दाखवलं आणि दंतशास्त्राचा चेहरामोहराच बदलला. १९८३ मध्ये सायमनसन आणि कॅलामिया यांनी तेच सिरॅमिकच्या बाजूने केलं, हायड्रोफ्लुओरिक आम्लाने. काच विरघळते, स्फटिक उघडे पडतात, पृष्ठभाग खडूसारखा पांढरा दिसतो. धुऊन त्यावर सायलेन लावायचं, म्हणजे काचेला एका हाताने आणि रेझिन सिमेंटला दुसऱ्या हाताने धरणारा मध्यस्थ. आता ताकदीचं काय? नुसत्या आम्ल लावलेल्या पोर्सेलिनच्या चकत्या मोडून पाहिल्या तर त्या बहुधा कमजोर निघतात. आम्ल जितकं तीव्र आणि वेळ जितका जास्त तितकी पकड वाढेलच असं नाही, खड्डे मात्र खोल होतात. म्हणून लिथियम डायसिलिकेटला ५ टक्के आम्ल फक्त २० सेकंद, हा दंडक. पण त्याच चकतीवर सायलेन आणि रेझिनचा थर बसवून मोडली तर गेलेली ताकद परत येते, कधी मूळच्याही वर जाते. रेझिन खड्ड्यांत शिरून चिरांची तोंडं बांधतं. ॲडिसन आणि फ्लेमिंग यांच्या कामाने हे फार स्वच्छ दाखवलं. म्हणजे 'आम्लाने सिरॅमिक कमजोर होतं' हे वाक्य खरं आहे आणि निरुपयोगीही, कारण तोंडात कुणी नुसती आम्ल लावलेली कॅप ठेवत नाही. अर्धवट प्रक्रियेवर पूर्ण निकाल देणारे असे निबंध ढिगाने आहेत. जाता जाता : हे आम्ल कातडीखाली शिरून कॅल्शियम ओढतं आणि सुरुवातीला दुखतही नाही. ते वापरणाऱ्या प्रत्येक दवाखान्यात कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी असायला हवं.

आणि हे सगळं आतल्या बाजूला का महत्त्वाचं? कारण चावताना कॅप वरून दाबली जाते आणि आतून, सिमेंटकडच्या बाजूला, ताणली जाते. कॅन्टीनमधली प्लॅस्टिकची खुर्ची बसताना खालच्या बाजूने तडकते, तसंच. १९९० च्या सुमारास केली आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या तोंडात तुटलेल्या काचसदृश कॅपांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली वाचले, तेव्हा चिरांचा उगम बऱ्याचदा आतल्या पृष्ठभागावर सापडला. माझ्यासारखा वरचा टवका उडणं हे दुसरं प्रकरण, पण अख्खी कॅप दुभंगण्याची गोष्ट बहुधा आतून सुरू होते. रुग्ण आणि डॉक्टर दोघेही बाहेरच्या चकाकीकडे पाहत असतात.

झिरकोनियाशी येऊन मात्र हे सगळं उलटंपालटं होतं. तिच्यात काच नाही, त्यामुळे दवाखान्यातल्या पद्धतीने आम्ल लावून काही होत नाही, सायलेनला धरायला सिलिकाच नाही. मग ॲल्युमिनाची पूड हवेच्या झोताने मारायची, म्हणजे सँडब्लास्टिंग. लॅबमध्ये मी पाहिलं : काचेच्या खिडकीची पेटी, आत रबरी हातमोजे, पायाखालचं पेडल दाबलं की फुस्स असा आवाज, आणि कॅपची आतली चमक काही सेकंदांत धुक्यासारखी मावळते. कण ५० मायक्रॉनचे. काचेच्या सिरॅमिकवर हे केलं तर कडा उडतात. झिरकोनियावर केलं की ताकद वाढते! १९९९ मध्ये स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियाना इथल्या तोमाझ कोस्माच यांच्या गटाने हा निकाल छापला, आणि त्याच निबंधात जाड हिऱ्याने घासल्यास ताकद कमी होते हेही.

याचं मर्म १९७५ मध्ये गार्वी, हॅनिंक आणि पास्को यांनी 'नेचर'मध्ये सांगितलं होतं. 'सिरॅमिक पोलाद?' असं प्रश्नचिन्हासह शीर्षक होतं त्याचं. झिरकोनियाचे कण एका अवघडलेल्या अवस्थेत गोठवून ठेवलेले असतात. धक्का बसला की ते बदलून दुसऱ्या रूपात जातात आणि साधारण चार-पाच टक्के फुगतात. एखादी चीर आत शिरू पाहते, तिच्या टोकाशी कण फुगतात आणि चिरेचा गळा आवळतात. वाळूचा मारा हेच काम संपूर्ण पृष्ठभागावर आधीच करून ठेवतो : काही मायक्रॉन जाडीचा फुगलेला, दाबाखालचा थर. म्हणजे प्रत्येक प्रक्रियेत दोन गोष्टी एकदम घडतात, चीर पडते आणि दाबाचा थर तयार होतो. चीर थराच्या आत राहिली तर ताकद वाढली, थर भेदून खाली गेली तर घटली. बारीक कण, कमी दाब, म्हणजे पहिली शक्यता. जाड बर, कोरडं घासणं, म्हणजे दुसरी. पन्नास वर्षांच्या परस्परविरोधी निष्कर्षांपैकी निदान निम्मे या एका तुलनेने सुटतात, असं माझं मत आहे. आणखी एक सापळा : वाळू मारल्यावर कॅप पुन्हा भट्टीत घातली, जसं वर पोर्सेलिन चढवताना होतं, तर कण मूळ रूपात परततात. दाब सुटतो, चिरा मात्र राहतात. ग्वाझाटो यांच्या गटाने २००५ मध्ये हे मोजलं. क्रम बदलला की त्याच दोन प्रक्रियांचा निकाल बदलतो.

पण चाचणी एकदाच जोर देऊन मोडण्याची, आणि दाढ मात्र दिवसाला शेकडो वेळा चावते, तेही ओल्यात. २००४ मध्ये झांग, लॉन आणि सहकाऱ्यांनी पुन्हा पुन्हा भार देऊन पाहिलं तेव्हा वाळू मारलेले नमुने दीर्घ काळात कमजोर निघाले. उलट २०१६ मध्ये अनेक निबंध एकत्र तोलून पाहिलेल्या आढाव्यात पारडं ताकद वाढते याच बाजूला झुकलं. फरक कुठला, तर त्यातल्या बहुतेक चाचण्या एका झटक्याच्या. पाणी चिरेच्या टोकाशी जाऊन अणूंचे जोड हळूहळू तोडतं, आणि झिरकोनियाच्या बाबतीत पाण्याने पृष्ठभागावरचे कण न बोलावता बदलायला लागतात. यातलं दुसरं संकट शस्त्रक्रियेच्या जगाने २००१ मध्ये चांगलंच अनुभवलं, खुब्याच्या सांध्यात बसवलेले झिरकोनियाचे गोळे शेकड्यांनी तुटले. भट्टी बदलल्यामुळे त्या विशिष्ट खेपांत पृष्ठभाग पाण्यापुढे हळवा झाला होता. दातांत तसं काही झालेलं नाही, पण तेव्हापासून झिरकोनिया वाफेच्या भांड्यात १३४ अंशांवर तासन् तास ठेवून तपासतात. तिथला एक तास म्हणजे तोंडातली तीन-चार वर्षं, असा ढोबळ हिशेब धरतात.

गेल्या दहा-बारा वर्षांत आणखी एक गुंता वाढला आहे आणि त्याची चर्चा पुरेशी होत नाही. जुनी झिरकोनिया पांढरीफट्ट दिसते, म्हणून समोरच्या दातांसाठी जास्त यट्रियम घातलेली पारदर्शक झिरकोनिया आली. यट्रियम वाढवलं की प्रकाश आरपार जातो, पण कणांचा तो फुगण्याचा गुण जवळजवळ संपतो. ताकदही ५०० ते ७०० वर येते. अशा झिरकोनियावर वाळू मारली तर दाबाचा थर तयार होत नाही, फक्त चिरा पडतात. कार्डावर दोन्हींना 'झिरकोनिया'च लिहिलेलं. लॅबवाल्याने जुन्या सवयीने चार बारच्या दाबाने वाळू मारली तर १९९९ चा निष्कर्ष इथे कामाला येत नाही. कमी दाब आणि बारीक कण, आणि मग एमडीपी नावाचा फॉस्फेट असलेला प्रायमर, हा आज बहुतेकांना मान्य असलेला मार्ग. प्रायमर झिरकोनियाला रासायनिक पकड देतो, त्यामुळे खोल खड्डे पाडायची गरजच उरत नाही. एक चूक मात्र सर्रास होते : कॅप तोंडात बसवून पाहिली, लाळ लागली, म्हणून फॉस्फोरिक आम्लाने पुसली. त्या आम्लाचा फॉस्फेट जागा अडवून बसतो आणि प्रायमरला धरायला काही राहत नाही.

आपल्याकडे यावर काम कमी होतं असं म्हणता येणार नाही. दंतशास्त्राच्या पदव्युत्तर (एमडीएस) विद्यार्थ्याला प्रबंध लिहावाच लागतो, आणि कृत्रिम दातांच्या विभागात चकत्या करून मोडणं हा सोयीचा विषय आहे. रुग्ण लागत नाही, यंत्र शेजारच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मिळतं. पण सपाट, पॉलिश केलेली, कोरड्यात एका झटक्यात मोडलेली चकती आणि भाकरी चावणारी दाढ यांत फार अंतर आहे. सरासरी ताकदीच्या आकड्यापेक्षा ती किती पसरलेली आहे हे जास्त सांगून जातं. वायबुल या स्वीडिश इंजिनिअरने १९३९ मध्ये त्याचं गणित दिलं आहे. सरासरी हजार आणि सगळे नमुने नऊशे ते अकराशे, हे एक. सरासरी बाराशे आणि त्यातला एक चारशेला मोडलेला, हे दुसरं. मी पहिली कॅप घेईन, कारण माझ्या तोंडात सरासरी बसत नाही, एक कॅप बसते.

माझी कॅप बदलली, आता अखंड झिरकोनियाची आहे. या वेळीही चावा उंच लागला, या वेळीही घासावी लागली. बारीक बर, पाण्याची धार, आणि नंतर तीन रंगांची रबरी चाकं ओळीने, मिळून दहा मिनिटं. तुम्हालाही कधी कॅप बसवून घासावी लागली, तर पॉलिश झाल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. झालं की नाही हे विचारायला यंत्र लागत नाही. जीभ फिरवून पाहा : अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासची खरखर तिला कळते.